चूक पेपरची नव्हती

७ तारीख, रविवार, दुपार

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. वयाने मी तुमच्याहून दोनच महिन्यांनी मोठी, पण नात्याने बरीच, म्हणून देते. नको असेल तर परत पाठवा.

तुमची तब्येत बरी असेल. माझा गुडघा जिन्यावर बोलतो, सपाटीवर गप्प असतो. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आहे. त्यांची मुलगी दिवसभर नळ सोडते आणि आई दिवसभर ओरडते. मला सोबत झाली.

पत्राला कारणं दोन आहेत. पहिलं सांगते. दुसरं जमलं तर.

यांच्या पेपरचे शंभर शेअर आहेत. यांनी तिथे एकतीस वर्षं प्रुफं तपासली, तेव्हा कंपनीने कामगारांना दिले होते. पुढे कंपनीने बातम्यांचं चॅनेल काढलं. ते बुडालं, आणि बुडताना त्याने पेपरचाही पाय धरला. आता एक मोठी सिमेंटवाली कंपनी आमच्यासारख्यांचे शेअर विकत घ्यायला निघाली आहे. भाव बरा देतात. फॉर्म भरून तीस तारखेच्या आत पोचवायचा. पुढे पेपर चालणार की छापखाना पाडून तिथे गाळे निघणार, ते कोणी सांगत नाही. विकावे की ठेवावे, एवढाच प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही.

आम्ही छोटे भागीदार रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत जमतो. सात खुर्च्या, भिंतीवर जबड्याचं मोठं चित्र. मास्तर म्हणतात, एरवी इथे तोंड उघडायला पैसे पडतात, आपण फुकट उघडतो. मास्तर गणिताचे, निवृत्त. त्यांचं म्हणणं, ठेवा. नुसती जागा आणि यंत्रं विकली तरी या भावाच्या तिप्पट येतील, म्हणून तर सिमेंटवाल्याला घाई. फळ्यावर मांडल्यासारखं हवेत बोटाने लिहून दाखवतात. त्या वेळी पटतं. मग शिंपी बोलतो आणि तेही पटतं.

शिंपी आज म्हणाला, "मास्तर, मला तुमचं गणित कळत नाही. मी पेपरावर मापं काढतो. पूर्वी एका पानात माणसाची पाठ बसायची. आता जोड द्यावा लागतो. ज्याचं पानच आखडलं, त्याचं काय राहणार?"

"कागद महाग झालाय, म्हणून आखडलं," मास्तर म्हणाले.

"मग माझ्या गिऱ्हाइकालाही सांगतो, कापड महागलंय, पाठ आखडून घ्या!"

डॉक्टर मधे पडले. "मूळ शाबूत असेल तर मी दात काढत नाही."

"आणि मूळ मेलं असेल तर?"

"मग दुखायचं थांबतं. लोकांना वाटतं, बरा झाला."

हे ठेवा म्हणणं झालं की विका, मला अजून कळलेलं नाही.

मग मला विचारलं. तुम्हाला ठाऊक आहे मी वाचायला कशी शिकले. हे टाकाऊ प्रुफं घरी आणायचे, त्यांवर यांच्या खुणा असायच्या. दुसऱ्या दिवशीचा पेपर शेजारी ठेवून मी काय बदललं ते शोधायची. लोक अक्षरं शिकून चुका शोधतात, मी चुका शोधून अक्षरं शिकले. अजून पेन्सिल हातात नसली तर ओळ पुढे सरकत नाही. तर मी म्हणाले, "मला भावातलं कळत नाही. पण पूर्वी पहिल्या पानावर महिन्यात एखादी चूक सापडायची. काल एका दिवसात अकरा सापडल्या. आणि कंपनीचा वार्षिक रिपोर्ट आलाय ना, एकशे बारा पानांचा? त्यात एकही नाही."

मास्तर हसायला लागले. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. म्हणाले, "म्हणजे तपासणारी माणसं आहेत. फक्त पेपराला नाहीत."

"तसंच असेल," मी म्हणाले. "पण म्हणजे विकायचे का?"

मास्तरांनी हवेत काहीतरी लिहिलं आणि बोटानेच पुसलं.

तुम्ही विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलंत, तुम्हाला या गोष्टी कळतात. कार्डावर एका ओळीत लिहा, विका किंवा ठेवा. बाकी काही लिहायला हवं असं नाही. दुसरं कारण आज जमलं नाही.

तुमची वहिनी

&nbsp;

१८ तारीख, गुरुवार

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "शेअर तुमचे, तुम्ही ठरवा. तुमच्या घरचा मी कोणी नाही, असं चार वर्षांपूर्वी पेपरातच वाचलं होतं." दोन ओळी. मी तीनदा वाचल्या. पेन्सिल लावायला जागा नाही.

तेव्हा दुसरं कारण लिहिते. ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, बसले तर उठून दुसरं काम काढीन.

आधी सोपं. शेअर माझे नाहीत. कागद कपाटात माझ्या साड्यांखाली आहे, एवढाच माझा हक्क. त्यावर पहिलं नाव यांचं आणि दुसरं तुमचं आहे. दोघांतला एक गेला की मागे राहिलेल्याचे होतात. हे फॉर्मबरोबरच्या माहितीत छापलं आहे, आणि त्याआधी यांच्या माघारी कपाट आवरताना मी कागद पाहिला तेव्हाही मला उमगलं होतं. तरी चार महिने दर रविवारी जाऊन बसते, तुमच्या शेअरवर, डॉक्टरांच्या खुर्चीवर. आमचे आमचे म्हणून बोलते. मागच्या पत्रात "तुमचे" हा शब्द लिहायला मला जड गेला, म्हणून "आहेत" एवढंच लिहिलं.

तुमचं नाव त्यावर मीच घालायला लावलं, हे तुम्हाला माहीत नसेल. हे म्हणाले होते, दुसरं नाव तुझं घालतो. मला तेव्हा वाचता येऊ लागलं होतं, पण सही येत नव्हती. आणि त्यांच्या साहेबांसमोर अंगठा लावायचा नव्हता. मी म्हणाले, "भाऊजींचं घाला, ते काही परके नाहीत." तुम्ही कचेरीला जाता जाता दारातच, चपला न काढता सही करून गेलात. विसरला असाल.

आता अवघड.

हे गेल्याची सूचना पेपरात आली, तिच्यात सगळ्यांची नावं होती. मी, दोन्ही नणंदा, नणंदांचे यजमान, अगदी यांची आत्यासुद्धा. तुमचं नव्हतं. तुम्ही तेरा दिवसांनी फोन केलात तेव्हा मी म्हणाले, शेवटची ओळ पेपरवाल्यांनी जागेसाठी कापली. तुम्ही म्हणालात, "दादाच्या पेपराने दादाच्याच सूचनेत चूक केली?" आणि फोन ठेवलात. तुम्हाला ते खरं वाटलं नाही. खरं नव्हतंच.

मजकूर मी लिहिला होता. माझ्याच अक्षरात. तुमचं नाव मी लिहिलं, आणि मग त्यावर रेघ मारली. घाईत राहून गेलं नाही. रेघ सरळ होती.

हे सत्तेचाळीस दिवस दवाखान्यात होते आणि तुम्ही आला नाहीत. का, ते मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही. हे रोज म्हणायचे, "येईल तो. त्याला दुखणं बघवत नाही, लहानपणापासूनचं आहे. धीर गोळा करतोय." त्यांना राग नव्हता. सगळा मी केला, त्यांच्या वाट्याचासुद्धा.

आणखी एक आहे. यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ आठवतात? जाड चष्मा, सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. माझी कापलेल्या ओळीची गोष्ट नणंदेकडून त्यांच्या कानावर गेली. ते घरी आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, ते पान त्या दिवशी माझ्याकडे होतं. ओळ कशी गळली कळत नाही. आपल्याच माणसाच्या सूचनेत माझ्या हातून असं व्हावं!" आणि रडले. मी म्हणाले, "होतं असं. मनाला लावून घेऊ नका." मी त्यांना माफ केलं, भाऊजी. चूक माझी, आणि माफ मी त्यांना केलं. पुढे माणसं कमी केली तेव्हा पहिल्या खेपेतच त्यांची नोकरी गेली.

ज्या पेपरने मला वाचायला शिकवलं, त्याच्यावर मी त्याने न केलेली चूक घातली. आता त्याच्या रोज अकरा चुका मोजते आणि चारचौघांत सांगते.

हे वाचून मनात काय येईल मला सांगता येत नाही. माझ्याच मनात काय आहे तेही धड कळत नाही. राग गेला असेल तर तो कधी गेला, माझ्या लक्षात आलं नाही.

वहिनी

&nbsp;

२५ तारीख, गुरुवार

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. हे लिहिताना मी त्याची वाट बघत नाही असं म्हणणार होते, पण खोटं एकदा पुरे.

सोमवारी भिंगवाल्यांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. उंबऱ्यातच सांगून टाकलं, आत गेले असते तर चहा घेऊन परत आले असते. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता दार लावतील. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? ती ओळ मी गाळली नव्हती!"

बायको हात पुसत बाहेर आली. मला म्हणाली, "चार वर्षं रोज रात्री जेवताना ती ओळ वाढून घेतात हो हे." मला कुठे बघावं कळेना.

तिथून त्यांना घेऊनच पेपरच्या कचेरीत गेले. खिडकीवर एकच माणूस. जाहिराती तोच घेतो, टपाल तोच फोडतो. म्हणाला, "आजी, चूकदुरुस्ती छापायची जागा आम्ही बंद केली. रोज पुरेना." मग म्हटलं, जाहिरात म्हणून घ्या. मजकूर मी लिहिला होता, भिंगवाल्यांनी खिशातून पेन्सिल काढून एक शब्द कमी केला. मजकूर काल छापून आला. कात्रण सोबत आहे. तुमच्याकडे पेपर येत असेल नसेल, म्हणून इथेही उतरवते:

"चार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या निधनाच्या सूचनेत दिवंगतांच्या धाकट्या भावाचं नाव नव्हतं. ते नाव वगळणारी त्यांची पत्नी होती. चूक पेपरची नव्हती."

खाली तुमचं पूर्ण नाव आहे. पेन्सिल घेऊन वाचलं. कुठेही चूक नाही. त्याच पानावर बाकी सात आहेत.

रविवारी डॉक्टरांकडे मी सगळ्यांना सांगितलं की मी भागीदार नाही, माझे दीर आहेत. शिंपी म्हणाला, "म्हणजे तुमची खुर्ची रिकामी करायची?" मास्तर म्हणाले, "बसू द्या. चुका कोण मोजणार?" त्या सगळ्यांचं अजून ठरलेलं नाही. शिंप्याने फॉर्म भरला आणि परत घेतला. डॉक्टरांनी निम्मे विकले, निम्मे ठेवले, आणि आता दोन्हीची काळजी करतात. मला विचाराल तर आज पेपर जगावा असं वाटतं, आणि तो जगेल असं वाटत नाही. या दोन्हीचं मिळून काय करायचं असतं?

शेअरचा कागद आणि फॉर्म रजिस्टर टपालाने याच पाकिटातून पाठवते आहे. ते तुमचे आहेत. विकलेत तर मी रागावणार नाही, ठेवलेत तर हसणार नाही. तीस तारखेला पाच दिवस आहेत.

फॉर्मवर शेवटी साक्षीदाराच्या सहीचा रकाना आहे. साक्षीदार घरातला चालत नाही, असं कुठेही छापलेलं नाही. मी सगळं तीनदा वाचलं. मला आता सही येते. विकायचे असतील तर फॉर्म घेऊन या, मी करीन.

ठेवायचे असतील तर सही लागत नाही, काहीच लागत नाही. तेव्हाही या.

चार वर्षं उशिरा,
तुमच्या घरची,
वहिनी