निरंजनचा 'काल'

९ फेब्रु.
निरंजनची कादंबरी कुरिअरने आली, धारहून. सोबत चिठ्ठी: "आत्या, शुद्धलेखन तेवढं बघा. मी हिंदी मीडियमचा." शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाल्यापासून मला काम मिळालं नव्हतं, म्हणून लगेच बसले. मांडूच्या तळ्याखाली एक यंत्र, ते वेळ पाण्यासारखा साठवतं. कल्पना अफाट! पण पोराला धरबंध नाही. तिसऱ्या प्रकरणात राणी मरते, पाचव्यात पोहे खाते.

१० फेब्रु.
नि. सगळीकडे 'काल'च लिहितो. हिंदीतला 'कल', गेलेलाही आणि येणाराही. यंत्राचा पहारेकरी टिपणं ठेवतो, त्यात 'काल देवासच्या चौकातला पिंपळ पडला.' मागचंपुढचं बघता इथे 'उद्या' हवा. लाल पेनाने 'उद्या पडेल' केलं.

११ फेब्रु.
आमच्या देवासच्या चौकातला पिंपळ पडला. भर दुपारी. चहावाला म्हणत होता, "हवा तो थी ही नी, मौसी." वारा नव्हताच, खरं. झाडं जुनी होतात, पडतात.

१३ फेब्रु.
प्र. ८. 'काल वसूताईचा आवाज गेला.' शेजारच्या वसूताईने लहानपणी याच्या चड्ड्या शिवल्या, म्हणून नाव घातलं असणार. इथेही 'उद्या' केलं. जन्माची खोड, चूक दिसली की हात थांबत नाही.

१४ फेब्रु.
वसूताई सकाळी दारात. ओठ हलताहेत, आवाज नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे. हातवारे करून हसत होती, मला तिच्याकडे बघवेना. मी काय करून बसले?

१६ फेब्रु.
शेवटचं प्रकरण. भाषा एकाएकी स्वच्छ, एका 'काल'पुरती चूक. 'काल निरंजन मांडूला गेला. एकटाच तळ्याच्या पायऱ्या उतरला. वर आला नाही.'
स्वतःचंच नाव घातलं गाढवाने. काल म्हणावं तर होऊन गेलं. उद्या म्हणावं तर माझ्या हातून घडेल. पेनला टोपण लावलं. त्याचा फोन बंद.

तीच तारीख, संध्याकाळ
नि.चा फोन आला. घरी आहे, जेवतोय. मला रडूच आलं. पेन उचललं नाही म्हणून वाचला, असं मनात म्हटलं.
मग म्हणाला, "आत्या, शेवट जमला नाही ना? तळं एकदा नीट बघायला पाहिजे. काल जाणार आहे."
"काल कसा जाशील रे?"
"अहो कल! कल सुबह."
म्हणजे त्याचा 'काल' मुळातच उद्याचा, माझ्या पेनाचा यात काही संबंधच नव्हता. पिंपळ, वसूताई, सगळं सांगितलं. जाऊ नकोस म्हणून विनवलं. तो खूशच झाला. "मतलब, कादंबरी असर करते!" पहिल्यांदाच कोणी तिचं कौतुक केलं, असं वाटलं असेल त्याला. निदान मी येईपर्यंत थांब म्हटलं, हो म्हणाला.

१७ फेब्रु.
पहिल्या बसने इंदूर, तिथून धार. स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा. "बसा मागे, आत्या. तुम्हीच बघा काय होतं ते." त्याच्या बायकोला सांगून घरी ओढून नेईन म्हटलं, तर गाडी सुरू करून निघायच्या बेतात. मग काय, बसले.

मांडूच्या अलीकडे चहाला थांबलोय. तो कपबशा परत द्यायला गेलाय, तेवढ्यात हे लिहितेय. भीती वाटते, फार. गुडघे दुखतात, पायऱ्या मला झेपत नाहीत, तरी त्याचा हात धरूनच उतरणार. 'एकटाच' लिहिलंय त्याने. त्या वाक्यात मी नाही.