नंबर बरोबर, माणूस चुकीचा

३ मार्च
आजपासून एक महिना मोबाईल बंद. कारण, मालकांनी दुकानात कॉम्प्युटर बसवला. बेअरिंगं, ऑइल सील, पट्टे, सगळा माल आता त्यात दिसतो म्हणे. एकोणीस वर्षं मी काउंटरवर उभा आहे. शाळा नववीपर्यंत, बाकी सगळं स्वतः शिकलो. चार हजार पार्ट नंबर तोंडपाठ. मालक म्हणाले, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? मी म्हटलं, एकोणीस वर्षांत पडलो का? यंत्रावर टेकलं की डोकं गंजतं, हे मी सिद्ध करून दाखवणार.
मोबाईल नटबोल्टच्या कपाटात, कुलपात. किल्ली मालकांच्या सूनबाईंकडे. (कॉम्प्युटर त्याच चालवतात.) सक्त ताकीद दिली आहे, मी पाया पडलो तरी तीन एप्रिलपर्यंत द्यायची नाही.

४ मार्च
लागणारे सगळे नंबर पाठ असायला हवेत. यादी केली.
१. लेक.
(बाकीचे आठवून लिहायचे.)
लेकीचा नंबर कपाट बंद करण्याआधी एकदाच बघितला होता. पुरे. शेवटचे चार आकडे बेअरिंगवर बसवले: ६२०३. बोअर, म्हणजे आतलं भोक, सतरा मिलिमीटर, बाहेरून चाळीस. आता मरेपर्यंत विसरणार नाही.
ती बावीस तारखेला सव्वाचारच्या गाडीने इथून जाणार. परदेशात नोकरी, दोन वर्षं. गाडी इथे वीस मिनिटं थांबते. वीस मिनिटांत बरंच बोलता येतं. डबा कोणता, ते फोनवर ठरेल.

५ मार्च
कपाटात मोबाईल थरथरतो. वॉशरच्या ट्रेमध्ये आहे, त्यामुळे भांडी पडल्यासारखा आवाज. सूनबाई म्हणाल्या, काका, कोणाचं तरी महत्त्वाचं काम असेल हो. म्हटलं, जाहिरातवाले असतात. वाजू दे.

७ मार्च
वाजायचा थांबला. बॅटरी गेली. शांत वाटतं. जरा जास्तच.

८ मार्च, रविवार, सकाळी १०
दुकान उघडून तिथल्या फोनवरून लेकीला फोन केला. नंबर कुठेही न बघता. पुरुषाने उचलला. मागे शिलाई मशीन चालू. म्हणाला, राँग नंबर, मी सोफे शिवतो. मी म्हटलं, नंबर बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. तो म्हणाला, आमची बायकोपण हेच म्हणते.
१०.२० पुन्हा केला. पुन्हा तोच. कंपनीच्या यंत्रात घोळ आहे.
लेक तरी दुकानाच्या नंबरवर करू शकते. पण तिला पाठ नसणार. आजकाल कोणाला काय पाठ असतं?

११ मार्च
मेकॅनिक बेअरिंग परत घेऊन आला. म्हणे मागितलं ६३०२, दिलं ६२०३. शाफ्टवर खुळखुळतं. मी म्हटलं, शाफ्ट झिजला असेल. तो म्हणाला, दोन मिलिमीटर? मी म्हटलं, तुम्ही लोक वेळेवर ग्रीस घालत नाही. सूनबाईंनी बदलून दिलं. कॉम्प्युटर बघून. बघून काय, कोणीही देईल.

१३ मार्च
लेकीचं शाळेतलं गजराचं घड्याळ दुरुस्त केलं. गाडीवर द्यायचं आहे. चालतं. एक स्क्रू उरला. कंपनीने जास्तीचा टाकलेला असणार.

१५ मार्च, रविवार
सोफेवाल्याने हॅलोच्या आधीच म्हटलं, या साहेब. माझा नंबर त्याने 'राँग नंबर' नावाने सेव्ह केला आहे. त्याला स्पंज आणि काथ्या यांतला फरक नीट सांगता येतो. हाताने काम करणारा माणूस. लेकीबद्दल विचारलं, सांगितलं. पस्तीस मिनिटं. मी फक्त लाइन तपासत होतो.

१७ मार्च
पुन्हा लाइन तपासली. चाळीस मिनिटं. आता मला दादा म्हणतो.

१८ मार्च
सूनबाईंची परीक्षा घेतली. सहज म्हणून किल्ली मागितली. म्हणाल्या, पाया पडलात तरी द्यायची नाही ना, काका? आणि हसल्या. पास.

१९ मार्च
सूनबाई माहेरी गेल्या. किल्ली पर्समध्ये. चोवीसला येणार. मालक म्हणाले, फोडा की कुलूप, हाय काय अन् नाय काय. सात लिव्हरचं आहे, मी निवडलेलं. फोडायला लावलं नव्हतं. शिवाय गरज काय? बावीस, सव्वाचार. पाठ आहे.

२२ मार्च, संध्याकाळी ५.३०
गाडी वेळेवर आली. एकोणीस डबे. इंजिनापासून शेवटपर्यंत दोनदा चाललो. खिडक्या मोजल्या नाहीत. घड्याळाचा गजर पिशवीत आपोआप वाजला, लोक बघायला लागले. वीस मिनिटं फार कमी असतात.

२४ मार्च
सूनबाई आल्या. पाया न पडताच किल्ली दिली. मोबाईल चार्ज केला. पाच आणि सहा तारखेचे मिळून नऊ मिस्ड कॉल. मग मेसेज. सात मार्च: बाबा, तिकीट बदललं, एक दिवस आधी, एकवीसला सव्वाचार. एकवीस, ४.१८: फलाटावर पुलाखाली उभी आहे. ४.३०: बाबा, बरे आहात ना? ४.३६: गाडी सुटली. तिकडचा नंबर मिळाला की कळवते.
वर तिचा नंबर दिसतो. शेवटी ६३०२. बोअर पंधरा, बाहेरून बेचाळीस.
मेकॅनिकला सांगायला हवं, त्याचा शाफ्ट ठीक होता.
उत्तर पाठवलं: तब्येत उत्तम, घड्याळ चालू झालं. गेलं नाही. तो नंबर आता बंद.

२९ मार्च, रविवार, सकाळी १०.१५
दुकानातच बसलो होतो. फोन वाजला. सोफेवाला. म्हणाला, दहा वाजून गेले, तुमचा फोन नाही, म्हटलं दादा आजारी पडले की काय. मग विचारलं, भेटली का लेक? म्हटलं, भेटली. पुलाखाली उभी होती. वीस मिनिटं बोललो. मोबाईलही परत मिळाला. तो म्हणाला, बरं झालं, मला घोर लागला होता.
ठेवताना म्हणाला, दादा, आता मोबाईल मिळालाय तर माझा नंबर सेव्ह करून ठेवा.
म्हटलं, गरज नाही. तेवढा एक पाठ आहे.