गल्लीचा जावई

चाकण

सपनाला अन् लेकरांना जय भीम.

मी बरा आहे. फोनवर बोलायला लाज वाटते म्हणून लिहून राहिलो. बिडी सुटली. एकवीस दिवस झाले.

जुन्या खोलीकडं कोणाला कोणाचं नाव ठाऊक नव्हतं. कामावरून आलं की जो तो दारात बसून बिडी ओढायचा, मीबी ओढायचो. लाजावं कोणाला? आपलं माणूसच नव्हतं तिथं.

नव्या गल्लीत पयल्याच दिवशी चुकलो. समोरच्या जनकाबाईंना बोलून गेलो, बायको पुसेगावची. म्हातारीचं माहेरबी पुसेगावच निघालं! आता सारी गल्ली मला जावई म्हणते. सासुरवाडीत बिडी कशी ओढावी? काडी पेटवली की कोणीतरी हाक मारतंच, "जावई, च्या घ्या."

खोकलाबी कमी आहे, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा आहे?

बुद्ध पौर्णिमेला येऊन राहिलो. आपल्या गोरेगावच्या स्टँडवर मात्र सारे दोस्त बिडीचं बंडल घेऊनच भेटतील, अन् तिथं मला जावई म्हणणारं कोणी न्हाई. जीपपाशी घ्यायला तूच ये. संगं तुझ्या बाबांना आण.

तुझाच,
शुद्धोधन