पाळी लांबवायच्या गोळ्या

आई,

तुझी नात काल माझ्याशी चांगला अर्धा तास भांडली. तिचा मोबाईल चार्जिंगवरून काढून मी माझा लावला, एवढंच निमित्त. पाय आपटत आत गेली, काहीतरी बोलायचं राहिलं म्हणून परत आली, तेही बोलली आणि मग जेवायला बसून दोन भाकरी खाऊन तिसरीतली अर्धी मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एरवी आमच्याकडे आवाज चढला की मी आधी खिडकी लावते. काल म्हटलं, ऐकू दे सगळ्या घोडेगावाला. तू गेलीस तेव्हा ती सहा वर्षांची होती, फ्रॉकच्या खिशात तुझ्याकडच्या शेंगा भरायची. आता बारावीला आहे. आणि यंदा दिवाळीनंतर ती आमच्या हातची जाता जाता राहिली. हे तुलाच सांगायला हवं, कारण यातला एक धागा तुझ्या चुलीपर्यंत जातो.

आठवतं का तुला? मी नववीत आहे. आणे पठारावरचं आपलं घर, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या आहेत. तू डाळ निवडता निवडता मला जवळ बोलावतेस आणि पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढतेस. "नर्सबाईकडनं आणल्यात. घे गुमान. म्हंजी अडचण याची न्हाई, आन तुला बाजूला बसाया लागायचं न्हाई. आमी गोठ्याच्या ओट्यावर बसून वरनं वाढलेलं खाल्लं, तुज्या वाट्याला ते नगं." मला नवा परकर मिळाला असता तरी एवढा आनंद झाला नसता. त्या सणाला मी पंगतीत सगळ्यांबरोबर बसून पुरणपोळी खाल्ली. तू मला वाढताना दोनदा माझ्याकडे बघून हसलीस. ते प्रेमच होतं, आई, यात मला आजही शंका नाही.

पुढे सण आला की पुडी यायची. त्याच वर्षी थंडीत एकदा मी तुला म्हणाले, "आई, मला जगू वाटत नाय." तू बाजरी पाखडत होतीस. सूपही थांबलं नाही. "नाटकं करू नगं. लई शानी झालीस. चल मटकी उपटाया." दिवसभर उन्हात मटकी उपटली. चौथ्या दिवशी पाळी आली आणि मन आपोआप निवळलं. "बघ, गेलं का न्हाई?" तू म्हणालीस, आणि मलाही ते पटलं. तसं पुन्हा बऱ्याचदा झालं, पण मी तुला पुन्हा सांगितलं नाही. पाळीच्या आधीचा आठवडा आणि ते मरणाचे विचार यांचा काही संबंध असेल, हे ना तुला सुचलं ना मला. तुझ्या त्या शब्दांचा राग मात्र मी कितीतरी वर्षं धरून होते.

यंदा गौरींना पोरीची तारीख येत होती. मी कचेरीतून येताना मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणली. न चिठ्ठी, न डॉक्टर; दुकानदारानेही विचारलं नाही आणि मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मग घट बसले, तेव्हा दुसरी पट्टी. मग पिंपरी पेंढारला जाऊबाईच्या मुलीचं लग्न निघालं. देवकाला घरातली सगळी माणसं हवीत, म्हणून तिसरी. मधल्या काळात पोरीचे क्लास, दर रविवारची परीक्षा, एसटीची धावपळ. ती गप्प झाली होती. मी म्हणायची, बारावी आहे, चालायचंच. अगं, सगळं डोळ्यांसमोर होतं, पण बघायला वेळ कुणाला होता!

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ गेले. ती कपाट आवरत होती. हळदीसाठी हौसेनं शिवलेला पिवळा ड्रेस तिनं घडी करून पिशवीत भरला होता. म्हणाली, "हा ताईला देऊन टाक. मला काय करायचाय." ताई म्हणजे नवरी, तिची चुलतबहीण. कानातलेसुद्धा त्याच पिशवीत. मी म्हणाले, "नाटकं करू नको." तुझेच शब्द, तुझाच सूर. ती चिडली असती तर मला कळलंही नसतं. पण ती चिडली नाही, नुसती हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. नववीत तुझ्या सुपाकडे बघत मीही तशीच हसले होते.

मी पेला खाली ठेवला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. असं काही विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, असं आपल्याकडे म्हणतात. तरी मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का गं तुला?"

ती नखानं फरशी खरवडायला लागली. मग म्हणाली, "वाटतं. पाळीच्या आधी आठ दिवस लई वाटतं. मग जातं. मग वाटतं, आपणच येडे. पण आता ह्या गोळ्यांनी ते दिवस संपतच नाय, आई. मी वाट बघतीये, संपतच नाय." आणि जी रडायला लागली ती माझ्या मांडीवर डोकं टाकूनच. मी रागावले नाही, समजावलंही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता तू एकटी नाहीस." तुझ्या जावयानं एक प्रश्न केला नाही, पायात चपला सरकवल्या आणि गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग मला आत बोलावलं. त्या मला काही टाकून बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, एकच कारण धरून बसू नका; अभ्यासाचा ताण आहे, पाळीआधी काही मुलींचं मन फार खाली जातं ते आहे, आणि गोळ्यांनी त्यात भर पडलेली असू शकते. गोळ्या बंद. पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे त्यांनी स्वतः फोन लावून दिला, आणि तोवर पोरीला एकटं ठेवायचं नाही असं बजावलं. मी रजा टाकली. लग्नाला आम्ही गेलो नाही. जाऊबाई अजून बोलत नाही. बोलेल, तिचा मोठा कुकर माझ्याकडे आहे.

आता पोरगी वहीत स्वतः तारखा लिहिते. वाईट दिवस येतात, नाही असं नाही, पण आता ती तोंडानं सांगते, "आले गं ते दिवस," आणि उशी उचलून माझ्या खोलीत येते. एकदोन रविवारच्या परीक्षा बुडाल्या, बुडू दे. परवा पाळी आली तेव्हा देवाला दिवा तिनंच लावला. मी बघितलं आणि पोळ्या लाटत राहिले.

एक गोष्ट मात्र तुला तोंडावर कधीच सांगता आली नसती, आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही. तू असतीस तर त्या सकाळी गाडीत बसायच्या आधी मी सवयीनं तुला फोन केला असता. तू म्हणाली असतीस, "जाईल गं चार दिसांत. तुजं न्हाई का गेलं?" आणि मी चपला काढून ठेवल्या असत्या, कारण तुझा शब्द मी कधी मोडला नाही. गेली अकरा वर्षं मला रोज वाटत आलं की तू हवी होतीस. फक्त त्या एका सकाळी, तिचा हात धरून गाडीत बसताना, माझ्या मनात आलं, बरं झालं, आई नाही.