विंगेतला आवाज

३ नोव्हेंबर
मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम आजपासून. गेलो तं विंगेतल्या माह्या स्टुलावर सुखदेव भाऊचा साळा बसून, हातात माही वही. अकरा वर्षं झाली मले या गावात प्रॉम्प्टिंग करून. सुखदेव भाऊ नाटक मंडळाचा अध्यक्ष. म्हणे, "देवा, तू औंदा आराम कर. तुले कानात आवाज येते म्हनते. मधातच भलतंच काही सांगून देशीन तं?"

अरे वा! एकाही नटाचं पाठांतर नाई. विंगेतून माहा आवाज आल्याशिवाय राजाले आपल्या राणीचं नाव सांगता येत नाई. अन् पागल मी!

गोळी घेतली.

४ नोव्हें.
माय म्हणे, जाऊ दे बाबू. काऊन जाऊ देऊ? चंद्रपूरच्या डॉक्टरनं कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलं. गावात तो शब्द कोणाच्या जिभेवर बसत नाई, म्हणून सोपा वापरतेत, पागल. दीड वर्ष झालं त्याले. धान लावला, कापून राह्यलो, मायचा दवाखाना केला, कोणाले गोटा मारला नाई. आवाज? येते कधीमधी, बारीक. मी ओळखतो त्याले, आपलं काम करत राह्यतो. पण हे विचारते कोण?

गो. घेतली.

८ नोव्हें.
समाजमंदिराच्या खिडकीतून तालीम पाह्यली. मूळ नाटकात नसलेला एक पागल घुसडला आहे औंदा, लोकायले हसवाले. त्याचं काम माहा दोस्त खुशाल करते. दुपट्टा डोक्यावरून कानाले करकचून बांधला, मान वाकडी, भिंतीसंगं बोलणं. सगळे लोटपोट.

दुपट्टा तसा मी बांधत होतो, आवाज लय वाढले होते तेव्हा. खुशालशिवाय कोणी जवळून पाह्यलंच नाई ते. लहानपणापासूनचा दोस्त. त्यानंच मले गाडीवर बसवून चंद्रपूरले नेलं. मूल गावाच्या पुढं गाडी बाजूला लावून रडला, म्हणे कोणाले सांगू नको बे. नाई सांगितलं मी. अन् यानं माहा तमाशा केला.

हरामखोर. दुसरा शब्द सुचून नाई राह्यला.

९ नोव्हें.
पानठेल्यावर गाठलं खुशालले. तोंडात येईन ते बोललो.

"अबे, मजाक आहे. येवढा काऊन चिडतं? गोळी नाई घेतली का आज?"

ठेल्यावरचे सगळे माह्याकडे पाहू लागले. दोघं तं मांगं सरकले. घरी आलो तं माय गोळ्यायचं पाकीट उजेडात धरून पाहून राह्यली. म्हणजे खबर माह्या आधी पोचली.

सुखदेव भाऊ रोज चिडते, बायकोवर ताट फेकते. त्याले कोणी नाई विचारत काय खाल्लं, काय घेतलं. मी चिडलो की गोळी चुकली! रागवाचीही सोय ठेवली नाई या लोकायनं.

घेतली होती. घेतली होती. घेतली होती.

१३ नोव्हें.
मजा. साळ्यानं कंसातलंही वाचून टाकलं. राजा हात वर करून मोठ्यानं म्हणाला, "रडत रडत, प्रधानजी, आपलं राज्य गेलं!" खिडकीत मी पोट धरून हसलो. मंग आठवलं, एकटाच हसून राह्यलो. तोंड दाबून घेतलं, कोणी पाह्यलं तं अजून एक गोष्ट होईन.

गो. घेतली.

१४ नोव्हें.
सुखदेव भाऊ घरी. चहा पिऊन झाल्यावर जमिनीकडे पाहत बोलला, "देवा, तूच बस बा. पाव्हने येतीन, गावच्या इज्जतीचा सवाल आहे."

"पागलचा सीन काढा."

"तो कसा काढू? त्याच्यावरच तं पब्लिक हसन."

"तं मी नाई बसत."

दारापर्यंत गेला. मी म्हटलं, थांबा. बसतो. सीन राहू द्या. फक्त वही आजच मले आणून द्या.

माय माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली. तिलेही नाई सांगितलं.

१५ नोव्हें.
डॉक्टरले फोन केला. नाटक पहाटेपर्यंत चालते, जागू का? म्हणाले, एकच रात्र, आधी दिवसा झोप काढ, गोळी चुकवू नकोस. खुशालचं सांगितलं. म्हणाले, मलाही राग आला.

मलाही! डॉक्टरले कोणी विचारन का गोळी घेतली म्हणून?

मंग वही उघडली. पागलच्या सीनवर कोरा कागद चिकटवला. त्यावर खुशालचं नवीन बोलणं लिहिलं:

"हा दुपट्टा देवाचा आहे. त्याच्या कानात लय आवाज होते. मी त्याले गाडीवर चंद्रपूरले नेलं. मूलच्या पुढं मी रडलो. मले वाटलं, माहा दोस्त गेला."

येवढंच. हसो पब्लिक, हसू आलं तं.

 

१६ नोव्हें., मंडई
घरभर पाव्हणे. दुपारी दोन घंटे झोपलो. उठलो तं खुशाल दारात, नजर चुकवत.

"देवा, तुहा तो दुपट्टा दे ना. माहा बराबर बसत नाई."

लाज नाई वाटली लेकाले. दिला. मायनं धुवून ठेवला होता.

"नाराज तं नाई ना बे?"

"आहे."

"गोळी..."

"घेतली. घेऊन नाराज आहे."

 दुपट्टा हाताले गुंडाळत उभा राह्यला. मंग म्हणे, "माह्या सीनले जरा मोठ्यानं सांगजो. एक शब्द पाठ नाई मले."

"मी सांगीन तेच बोलजो."

"अकरा सालापासून तेच तं करून राह्यलो."

गेला. वही पिशवीत टाकली. निघतो.