एक नोंद सर्व प्रतींतून पुसण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
गोदातीर कुष्ठसेवा प्रकल्प,
परभणी.

विषय : रुग्ण कासाबाई हिची नोंद संगणकातून व सर्व बॅकअप प्रतींतून कायमची पुसण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती परत मिळवल्याबद्दल अर्जदारास आपण दिलेले प्रशंसापत्र.

अर्जदार : बन्सीधर तात्याराव रेंगे, संगणक चालक.

महोदय,

अर्जदार आपल्या कार्यालयात संगणक आला तेव्हापासून त्यावर काम करतो. या अर्जात रुग्ण, तिच्या घरची माणसे व माहेरचे गाव यांची नावे बदलून लिहिली आहेत आणि सासरच्या गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. असे का केले ते पुढे येईलच.

१. सर्व रुग्णांची नावे संगणकात घालून झाल्यावर जुनी कार्डे कार्यालयामागे जाळण्यात आली. नावे बाहेर फुटू नयेत म्हणून तसे ठरले होते आणि त्यात काही गैर नव्हते. त्याच दिवशी आपण अर्जदारास बोलावून म्हणाला होता, "रेंगे, आता सगळं त्या एका यंत्रात आहे. दर शनिवारी फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा आणि फ्लॉप्या माझ्या कपाटात ठेवायच्या." सुरुवातीला अर्जदाराने तसे केले. एक फ्लॉपी भरली की दुसरी घालायची, मध्येच एखादी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. तोवर गावाकडची एस.टी. निघून जायची. पुढे पुढे अर्जदार जुन्याच फ्लॉप्या कपाटात ठेवून 'बॅकअप घेतला' अशी सही करू लागला. सही पाहणारे होते, फ्लॉपी उघडून पाहणारे कोणी नव्हते.

२. यंदाच्या मे महिन्यात एका सकाळी यंत्र चालू केले तर हार्ड डिस्क फिरेना. अर्जदाराने यंत्र बंद केले, चालू केले, पुन्हा बंद केले, डिस्कला बाजूने थापट्याही मारल्या. असे करण्याने आतली माहिती कायमची खरवडून जाऊ शकते हे त्याला ठाऊक नव्हते. चौकशीत विजेचा दाब कमीजास्त झाल्याचे कारण लिहिले गेले. अर्जदार समोरच उभा होता. त्याने ते तसेच लिहू दिले. जुन्या फ्लॉप्यांतून आधीच्या रुग्णांची नावे निघाली, मागाहून आलेल्यांची गेली. कासाबाई मागाहून आलेली होती.

३. आपण डिस्क दुरुस्तीसाठी हैदराबादला पाठवली. तिकडून काही हाती लागेल असे कोणालाच वाटत नव्हते. वरिष्ठांची तपासणी तोंडावर आलेली. गेलेली नावे आपणच गावोगाव फिरून गोळा करू, असे अर्जदाराने ठरवले. लोकांना तो कामाचा हुरूप वाटला. खरे तर त्याला आपले पाप झाकायचे होते. औषध भांडाराच्या पावत्यांवर रुग्णाचे नाव आणि गाव एवढेच होते. बाकी सारे गोळ्या वाटणाऱ्या तानुबाई सिस्टरना तोंडपाठ असायचे, पण त्या लेकीच्या बाळंतपणासाठी सेलूला रजेवर होत्या. त्या येईपर्यंत थांबता आले असते. अर्जदार थांबला नाही.

४. प्रकल्पाच्या पाटीची जीप घेऊन अर्जदार गंगाखेड तालुक्यातील त्या गावी गेला. घर मेंढ्या पाळणाऱ्यांचे. शेजारच्या हातपंपावर बायांची गर्दी होती. अर्जदाराने जीपजवळूनच मोठ्याने विचारले, "कासाबाई कोण? कुष्ठरोगाच्या गोळ्या कोणत्या महिन्यापर्यंत झाल्या?"

पंपाचा दांडा थांबला. कासाबाईची सासू सुगंधाबाई दारात बसली होती, ती उठून उभी राहिली. "कसल्या गोळ्या? कुनाला?" कासाबाईने भरलेली घागर खाली ठेवली आणि पदर तोंडावर घेतला. गोळ्या घेणाऱ्याकडून इतरांना रोग होत नाही, हे अर्जदार सांगत राहिला, पण तोवर बाया आपापल्या घागरी उचलून चालू लागल्या होत्या. सुगंधाबाईने सुनेला त्या रात्री ओसरीवरही येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला माहेरी, झरीला धाडले. अंगावर पिणारी मुलगी आजीने ठेवून घेतली. अर्जदाराने मात्र परतीच्या वाटेवर कागदावर लिहिले होते, 'रुग्ण भेटली.'

५. जूनमध्ये हैदराबादच्या कारागिराने डिस्क एकदाची फिरवली. ती थांबायच्या आत त्याने सगळी माहिती उतरवून घेतली आणि अर्जदारास बजावले, "एक बार चली है, दुबारा चलेगी इसका भरोसा नहीं. नकलें अलग-अलग मकानों में रखो." अर्जदार आनंदाने परत आला. आपण सर्वांसमोर त्याला प्रशंसापत्र दिले. त्यानंतर तो एकेक नोंद तपासायला बसला आणि कासाबाईच्या नावापाशी आला. पुढे शेरा होता : 'घरी कोणास माहीत नाही. घरी जाऊ नये. गंगाखेडच्या बाजारात तानुबाई सिस्टरकडून गोळ्या घेते.' हा शेरा अर्जदाराने स्वतःच्या हाताने टाईप केलेला होता. शेकडो नोंदींत तो त्याच्या लक्षातून गेला होता. ताज्या बॅकअपची एक फ्लॉपी कपाटात असती, तर जीप त्या दारात गेलीच नसती.

६. तानुबाई सिस्टर रजेवरून आल्यावर अर्जदाराने त्यांना सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "माझी वाट का नाही बघितलीत हो, रेंगे? तिनं मला गळ्याची शपथ घातली होती." नंतर त्याच अर्जदाराला घेऊन कासाबाईच्या नवऱ्याकडे, बिरूकडे गेल्या. तो नदीकाठी मेंढ्या चारीत होता. त्याने सिस्टरचे सगळे ऐकून घेतले. अर्जदाराकडे पाहून म्हणाला, "मला म्हाईत असतं तर मीच गोळ्या आनून दिल्या असत्या, साहेब. पन तुमी समद्या गल्लीम्होरं बोल्लात. आता माय आयकंना, भावकी आयकंना." त्याच आठवड्यात तो मुलीला खांद्यावर घेऊन झरीला गेला आणि तिला आईजवळ ठेवून आला. बायकोला घरी नेण्याचे मात्र त्याच्याच्याने अजून झालेले नाही.

७. अर्जदार झरीला गेला तेव्हा कासाबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. अर्जदाराने हात जोडले. ती म्हणाली, "हात कशाला जोडायलाव? त्यानं काय व्हायलंय?" आणि मुलीकडे पाहून म्हणाली, "पोरगी आली, मला तुमचं दुसरं काई न्हाई पायजे. निस्तं माजं नाव त्या मशिनीतून काढा. एकडाव फुटलंय, परत फुटंल." तिच्या गोळ्यांत खंड पडला होता, त्या आता पुन्हा सुरू आहेत. सिस्टर पांढरी साडी न नेसता झरीला जाऊन देऊन येतात. डॉक्टरांच्या मते राहिलेला उपचार लवकरच पुरा होईल. तोवरचा हिशेब स्वतःजवळ ठेवायला सिस्टर तयार आहेत.

८. येथे एक अडचण निवेदन करणे भाग आहे. हैदराबादहून आल्यापासून अर्जदार एकही शनिवार न चुकता बॅकअप घेतो आणि प्रत्येक फ्लॉपी उघडून पाहतो. एक प्रत आपल्या कपाटात, एक औषध भांडारात आणि एक गंगाखेडच्या उपकेंद्रात असते. त्यामुळे कासाबाईचे नाव आता एका जागी नसून चार जागी आहे. शिवाय संगणकात नुसते पुसलेले नाव खऱ्या अर्थाने जात नाही. त्या जागेवर दुसरे काही लिहीपर्यंत जाणकार माणूस ते परत काढू शकतो. म्हणून चारही ठिकाणी ती नोंद पुसून तिच्या जागेवर दुसरा मजकूर लिहावा लागेल आणि जुनी बंद डिस्क फोडून टाकावी लागेल. रुग्णाची नोंद आपल्या लेखी आदेशाशिवाय पुसता येत नाही, असा नियम आहे. खोट्या सह्यांनी एवढे झाल्यावर हे काम आपल्याला न विचारता करण्याचे अर्जदाराच्या मनाला येत नाही.

तरी वरील परवानगी द्यावी ही विनंती. प्रशंसापत्र सोबत परत करीत आहे. खोट्या सह्यांबद्दल जी कारवाई होईल ती अर्जदारास मान्य आहे, तिचा या परवानगीशी संबंध जोडू नये.

"नाव काढलं का?" असे कासाबाई सिस्टरना दर खेपेस विचारते. सिस्टर अर्जदाराला विचारतात. म्हणून हा अर्ज.

आपला नम्र,
बन्सीधर तात्याराव रेंगे
परभणी, दि. १७ ऑगस्ट १९९२

सोबत : १. मूळ प्रशंसापत्र. २. रुग्णाचे खरे नाव, सीलबंद पाकिटात. वाचून झाल्यावर कृपया जाळून टाकावे.