फालिसचं गाणं आणि एकसष्टावा संदर्भ

हर्गेसा, सोमवार

तीर्थरूप रोब्लेमामांना,

भाचा गुलेद याचा आदराचा सलाम. तुमच्या सांडण्यांना चारा आणि तुम्हाला झोप पुरेशी मिळत असेल अशी आशा आहे. दीकामामींचा गुडघा आता कसा आहे? (हे पत्र त्यांना एवढ्यात दाखवू नका.) मी खुशाल आहे. शनिवारी भरल्या सभेत माझं नाक कापलं गेलं, पण ज्या बाईने ते कापलं तिच्यापुढे माझी मान आज तिसऱ्या दिवशीही झुकलेली आहे.

माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. पंधरा वर्षं मी विद्यापीठात गरजतो आहे की दुसऱ्याचे शब्द त्याचं नाव न घेता वापरणं ही उघड चोरी आहे. आपल्या लोकांत आधी कवीचं नाव, मग कविता. बिननावाची कविता म्हणजे डाग न दिलेला उंट, हाकेल त्याचा. (हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की विद्यार्थी ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणतात.) त्याच तोऱ्यात मी विहिरीवरच्या गाण्यांवर शोधनिबंध लिहिला. आमच्या नियतकालिकाची संपादक सागल, वयाने माझ्याहून लहान पण नजरेने माझ्या आजीहून मोठी, म्हणाली की संदर्भसूची चोख झाल्याशिवाय एक ओळ छापणार नाही. संदर्भ एकसष्ट. ते सांभाळायला संगणकात एक सोय असते. लेखक, वर्ष, पान असे रकाने भरले की यादी आपोआप रांगेत उभी राहते, पाण्यावर आलेल्या कळपासारखी. साठ संदर्भ निमूट उभे राहिले. एकसष्टावा तुमचा.

म्हणजे ते गाणं: विहीर खोल असेल, दोर अपुरा पडेल, तर मी माझं पागोटं दोराला जोडीन. तुम्ही ऐन तारुण्यात रचलेलं, जे ऐकून मामींनी तीन स्थळं परतवली आणि तुम्हाला होकार दिला. माझा अख्खा निबंध या गाण्यावर उभा आहे. मी रकान्यात लिहिलं: कवी रोब्ले, लेखकाचे मामा, तोंडी.

शनिवारी निबंधाचं जाहीर वाचन होतं. मी छाती भरून ते गाणं म्हटलं, आणि मागच्या रांगेतल्या बायका माझ्याबरोबर टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. मी फुगलो. तेवढ्यात फाटकाबाहेर उंटिणीचं दूध विकणारी दहाबोआजी (ती रोज सावलीसाठी आत येऊन बसते) उभी राहिली.

"पोरा, कुणाचं म्हणालास?"

"माझ्या मामांचं, आजी."

"मामा बाई होता का तुझा?"

सभा हसली. आजी नाही हसली. ती म्हणाली, "ही चाल बायकांची. पुरुष या चालीत गाणं बांधत नाही, बांधलं तर घरी जेवायला मिळत नाही. आणि पागोटं नव्हे, वेणी. वेणी जोडीन दोराला. पागोट्याने बादली ओढतात का रे?"

मामा, मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. तिने सांगितलं की हे गाणं फालिस नावाच्या बाईचं. कुठल्या विहिरीवर, कुठल्या टोळधाडीच्या वर्षी, नवरा कळप घेऊन गेला आणि परतला नाही तेव्हाचं. फालिसकडून ते दहाबोच्या मावशीने घेतलं, मावशीकडून दहाबोने. मग माझ्या आठ ओळींतल्या तीन चुका दाखवून तिने पुढच्या बावीस ओळी म्हटल्या, एका दमात. सागल भराभर टिपत होती. सवयीने तिने विचारलं, "पान कितवं, आजी?"

"मीच पान. मी मेले की फाटलं."

मी हजारो पुस्तकं वाचली. त्यांच्या पाठीमागच्या याद्यांत फालिस कुठेही नाही. निरक्षर बाईने मात्र दोन पिढ्या ते नाव सांडू दिलं नाही, आणि मी, नावांचा पहारेकरी, त्यावर तुमचं पागोटं बांधून मोकळा झालो. मी तिथेच वाचन थांबवलं आणि माझी खुर्ची आजीला दिली. (विद्यार्थ्यांनी वेळ लिहून ठेवली आहे.)

मामींना आणि लेकरांना सलाम. उंटांवर आणि तुमच्यावर देवाची दया राहो.

तुमचा भाचा,
गुलेद

ता. क. खरं काम हे. सागल म्हणते, ज्याच्या नावावर गाणं लागलं त्यानेच ते सोडलं पाहिजे, नाहीतर निबंध बाद, आणि त्याबरोबर फालिसचं नाव छापून यायची एकुलती एक संधीही बाद. तेव्हा गुरुवारपर्यंत फोनवर तुमच्या आवाजात निरोप पाठवा की गाणं तुमचं नाही. साक्षीदार लागतो. मामी घरात असतीलच.

ता. क. दुसरा. तुमचा जीव टांगणीला लावून मला बरं वाटेना, म्हणून मीच मामींना फोन केला. रागावू नका. त्या म्हणाल्या, "अरे, मला पहिल्या ओळीला कळलं होतं. आमच्याकडे चटया विणताना म्हणायचे ते. एवढं लांब गाणं पाठ केलं, माझ्यासाठी वेणी कापून पागोटं केलं, म्हणून तर हो म्हटलं." साक्ष द्यायला त्या तयार आहेत. फक्त लग्नानंतर तुम्ही त्यांच्यावर रचलेल्या बाकी नऊ गाण्यांची संदर्भसूची त्यांना हवी आहे, वर्षासकट. तीही गुरुवारपर्यंत.